दत्तूमामांचे दोन पियानो

संजूच्या लग्नात दोन बँड होते. एक लोणी भापकरचा आणि एक इंदापूरचा. संजू म्हणजे माझा मामेभाऊ. त्याचे वडील, आमचे दत्तूमामा, यांनी लोणी भापकरच्या बँडवाल्याला "तुमचंच नक्की" म्हणून शब्द दिला होता. पुढे आठवड्याने इंदापूरवाला घरी येऊन चहा पिऊन गेला, तर त्यालाही "तुमचंच नक्की" म्हणाले. लग्नाच्या दिवशी दोघेही गणवेश चढवून हजर. मामांनी एकाला वरातीच्या पुढे लावला आणि एकाला मागे. पुढचे एक गाणं वाजवत होते, मागचे दुसरंच, आणि घोडी मधे. शेवटी घोडीने रस्त्याकडेच्या उसात तोंड खुपसलं आणि काही केल्या ती बाहेर काढेना. नवरदेव वरून ओरडतोय, मामी कपाळाला हात लावून उभ्या, आणि मामा सगळ्यांना हसतमुखाने सांगतायत, "दोघांचं बी मन ऱ्हायलं का न्हाय?"

मामा भवानीनगरला राहायचे. ऊस, थोडी भाजी, चार म्हशी, असा सुखाचा प्रपंच. गावच्या सोसायटीच्या निवडणुका बिनविरोध करून देणारा माणूस म्हणून पंचक्रोशीत त्यांचं नाव होतं. दोन पॅनेल एकमेकांचे गळे धरायला उठले की लोक मामांना बोलवायचे. मामा जायचे, दोघांच्या मधे मांडी घालायचे, "बसू या की" म्हणायचे आणि खरंच बसायचे. चहा, परत चहा, मग जेवण. समोरची माणसं भांडायची विसरत नसत, पण अवघडून जात. शेवटी एक अध्यक्ष व्हायचा, दुसरा उपाध्यक्ष, तिसरा फारच रुसला तर त्याला स्वीकृत म्हणून आत घ्यायचं. आणि अगदीच तोडगा निघाला नाही तर अडीच वर्षं तू, अडीच वर्षं तो. आयुष्यभरात मामांनी कुणाच्या विरोधात हात वर केला नाही. स्वतःला काय हवंय हे तर त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यांनी आधी समोरच्याला काय हवंय ते विचारलं असतं.

मी त्यांच्या अगदी उलट. बारामतीत माझं औषधाचं दुकान आहे आणि गिऱ्हाईक खिशातून चिठ्ठी काढेपर्यंत मला दम निघत नाही. "ही गोळी घेऊ की ती?" असं कुणी तिसऱ्यांदा विचारलं की माझा पारा चढतो. लहानपणी मामा मला मांडीवर घेऊन म्हणायचे, "सुमे, तू दोन घरं एका वाक्यात तोडशील." मी म्हणायची, "आणि तुम्ही दोन घरांत एका वाक्यात अडकाल." तेव्हा आम्ही दोघंही हसायचो.

तर अशा मामांना अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, बोलणं सुधारलं, पाय सुधारला. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबतच राहिला. मामा त्याला उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवायचे आणि कुणी भेटायला आलं की परका पाहुणा असल्यासारखी त्याची ओळख करून द्यायचे. "ह्यो आपला डावा. सध्या रजेवर हाय." बोलायचे हसत, पण मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की म्हशींच्या गोठ्यात एकटेच बसून त्या हाताशी बोलतात. धार काढणारा माणूस तो, दोन्ही हातांनी सरासरा. एका हाताने म्हैस धार देत नाही.

बारामतीला व्यायामासाठी नेलं की एक तरुण पोरगी त्यांची बोटं एकेक करून उघडायची, मिटायची. ती म्हणाली, "आजोबा, बोट न् बोट वेगळं हललं पाहिजे. काहीतरी वाजवत जा. पेटी येते का?" मामा भजनात टाळ वाजवायचे, पेटी नाही. पण ऐकून ऐकून त्यांना माहीत होतं. म्हणाले, "पोरी, पेटीला डावा हात नुसता भाता मारतोय. बोटं समदी उजव्याची चालत्यात. ह्याचा काय उपेग?" पोरगी हसली आणि म्हणाली, "मग आजोबा, पियानोच घ्या!"

ती चेष्टेत म्हणाली हे मला कळलं, संजूला कळलं, शेजारच्या खाटेवरच्या लकवा झालेल्या बाईलासुद्धा कळलं. मामा गाडीत बसल्यावर म्हणाले, "पियानो घ्यावा लागंल."

"मामा, ती गंमत करत होती."

"आसंल. पण म्हणाली तर खरी. एवढी लेकरागत पोर, हात धरून सांगती, आन् आपुन न्हाय घेतला तर तिला काय वाटंल?"

संजूने आधी मध्यममार्ग म्हणून विजेवर चालणारा कीबोर्ड आणला. त्यात एक बटण होतं. ते दाबलं की गाणं आपोआप सुरू व्हायचं. मामा पट्ट्यांवर डावा हात नुसता ठेवायचे, बटण दाबायचे आणि डोळे मिटून बसायचे. गल्लीतल्या बायका खिडकीतून बघून गेल्या आणि दत्तूमामा महिन्याभरात पियानो शिकले अशी बातमी सगळीकडे झाली. कुणीतरी त्यांना शाळेच्या स्नेहसंमेलनाचं आमंत्रणही दिलं, आणि मामांनी अर्थातच "व्हय" म्हटलं. ते निस्तरायला मला भवानीनगरला जावं लागलं. व्यायामाच्या पोरीने कीबोर्ड बघितला आणि ती चिडलीच. "याच्या पट्ट्यांना वजनच नाही. फुंकर मारली तरी वाजतात. बोटाला जोर लागला पाहिजे." मग खऱ्या पियानोचा शोध सुरू झाला. नवा परवडण्यातला नव्हता, म्हणून वापरलेला बघायचा, भिंतीला टेकून उभा राहणारा, असं ठरलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी पियानोला बोट लावलं नव्हतं.

औषधाच्या दुकानात बसलं की कुणाच्या घरात काय पडून आहे ते आपोआप कळतं. बारामतीतच एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काळा पियानो होता. मुलगी शिकली, लग्न होऊन परदेशी गेली. डॉक्टरांना त्या भिंतीशी चालायचं यंत्र ठेवायचं होतं. मी, मामा, मामी आणि संजू असे चौघं गेलो. मामा म्हणाले, दोघंच गेलो तर डॉक्टरांच्या घरच्यांना वाटेल आम्हाला गरज नाही.

डॉक्टरीणबाईंनी दार उघडलं तेव्हाच त्यांचे डोळे लाल होते. पियानोवर विणलेलं पांढरं कापड, त्यावर फ्रेममधले मुलीचे फोटो. बाईंनी आम्हाला बसवलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. घर केवढं आहे? ऊन कुठून येतं? रोज पुसणार कोण? घरात तिखट परतलं की धूर इकडे येतो का? मामींना वाटलं, आता पत्रिका मागतात. मामा प्रत्येक प्रश्नाला "तुमी म्हणशीला तसं" म्हणत होते. बाईंनी शेवटी जड हाताने झाकण उघडलं. मामींनी आत डोकावून बघितलं, झाकण वर-खाली केलं आणि मला हळूच म्हणाल्या, "वर गोधड्या मावतील का गं?"

मग मामांनी उजव्या हाताने डावा उचलून पट्ट्यांवर ठेवला. सगळ्यात डावीकडच्या पट्टीवर तर्जनी ठेवून वरून उजव्याने दाबली. ढंग्. मग पुढची. मग त्याच्या पुढची. मधल्या काळ्यासुद्धा. मी घड्याळ बघतेय, संजू मोबाइल बघतोय, आणि मामा पार दुसऱ्या टोकाला, चिमणीसारखा आवाज येतो तिथपर्यंत, एकेक पट्टी वाजवत गेले. मी कानाशी म्हटलं, "मामा, चार वाजवल्या तरी चालतं." मामा म्हणाले, "चौघींना हात लावायचा आन् बाकीच्यांना न्हाय, हे बरं दिसतंय का?" डॉक्टरीणबाईंना पदर डोळ्यांना लावताना मी पाहिलं. निघताना मामा त्यांना म्हणाले, "ताई, तुमचाच नक्की."

दुसरा पियानो सुप्याच्या पुढे एका मंगल कार्यालयात निघाला. मालक विलासराव, हौशी माणूस. मुंबईच्या कुठल्या तरी हॉटेलात त्यांनी पियानो पाहिला होता आणि आपल्या हॉलला तसा 'लुक' यावा म्हणून तपकिरी रंगाचा एक जुना उचलून आणला होता. वाजवणारा कुणी मिळाला नाही. मग लोकांनी त्यावर अहेर ठेवले, पत्रावळी ठेवल्या, एका लग्नात तर चक्क त्यावर बसून मुलाच्या मामाने फेटा बांधून घेतला. आता त्या जागी विलासरावांना आइस्क्रीमचा काउंटर टाकायचा होता. "घ्या मामा," ते म्हणाले. "जिवंत वाजतोय बगा. लगीन लागताना वाजंत्री थांबली तर मी सोताच दोन ठोके टाकतो."

हॉल रिकामा होता. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. मामांनी नेहमीप्रमाणे डावीकडून सुरुवात केली. यावेळी तर्जनी दमली म्हणून करंगळी ठेवली आणि उजव्या हाताने दाबली. त्या पियानोच्या जाड तारा वाजल्या की पुढची फळी थरथरायची, ठोकून बसवलेली नव्हती ती. मामा तिसऱ्या-चौथ्या पट्टीवर थांबले. तीच परत दाबली. परत. मग माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही.

"सुमे, करंगळीत मुंग्या आल्या."

मी औषधाच्या धंद्यातली बाई. मला काय वाटलं असेल! त्या हाताला तोवर सुई टोचलेली कळत नव्हती. मी ओरडलेच, "मग झालं! मामा, हाच घ्यायचा! विलासराव, टेम्पो बोलवा!"

मामांनी घाईघाईने माझं मनगट धरलं. "गप गप. आसं मोठ्यांदा म्हणू नगं. डॉक्टरीणबाईंना काय वाटंल?"

"त्या इथे आहेत का?"

"न्हाईत. म्हणूनच. माघारी आसं ठरवणं बरं न्हाय." आणि मग माझ्याकडून शब्दच घेतला, "मुंग्यांचं कुणाला सांगायचं न्हाय. मामीला बी न्हाय. सांगितलं की समदी त्याच बाजूनं व्हत्याल, आन् मग बाईंचा पियानो एकटा पडंल." निघताना विलासरावांचा हात हातात घेऊन ते म्हणाले, "तुमचाच नक्की."

गाडीत मी इतकी भडकले होते की सुप्यापासून बारामतीपर्यंत एक शब्द बोलले नाही. मग एकदम बोलले. म्हटलं, हा हात कुणाचा आहे? तुमचा की डॉक्टरीणबाईंचा? मामा शांतपणे म्हणाले, "तुझं बी बरोबर हाय." एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल. समोरचा भांडला तर भांडता येतं. "तुझं बी बरोबर हाय" म्हणणाऱ्याशी भांडून दाखवा.

पुढचे कितीतरी महिने आम्ही पियानो बघत राहिलो. तेच दोन. एका आठवड्यात काळा बघितला की पुढच्या आठवड्यात तपकिरी बघायला जायचंच, नाहीतर विलासराव रुसतील. दिवाळीला दोन्हीकडे फराळ गेला. संक्रांतीला तिळगूळ गेला. डॉक्टरीणबाई आमच्यासाठी थालीपीठ करायला लागल्या आणि मामांना न विचारता साखर कमी घालून चहा द्यायला लागल्या. डॉक्टर मात्र कंटाळले, त्यांचं चालायचं यंत्र खोक्यातच होतं. दर खेपेला मामा सगळ्या पट्ट्या वाजवायचे. कुणाला डावललं असं व्हायला नको. आधी उजव्या हाताने दाबून, मग नुसता आधार देऊन, मग आधारही काढून. मी बाजूला बसून चरफडत असायची, त्यामुळे ते कधी बदललं ते मला सांगता येणार नाही.

शेवटी मीच पुण्याहून पियानोचे सूर लावणारा माणूस बोलावला. म्हटलं, जाणकाराने एकदा एकाला नापास केलं की मामांच्या माथी वाईटपणा यायचा नाही. त्याने काळ्याचं पोट उघडलं, बॅटरी मारली. तारा चांगल्या, तारा ताणणाऱ्या खुंट्या घट्ट, हातोड्यांवरचा नमदा, म्हणजे दाबून बसवलेली जाड लोकर, शाबूत. सूर उतरलाय, पण चढवता येईल. म्हणाला, "डोळे झाकून घ्या."

मग सुप्याला जाऊन त्याने तपकिरीची खालची फळी काढली, आणि आतून अक्षता सांडल्या. मूठभर नव्हे, रास. इतक्या वर्षांच्या सगळ्या लग्नांच्या अक्षता फटीफटीतून आत गेल्या होत्या, पिवळ्या, लाल, हळदीच्या, कुंकवाच्या. त्या माणसाच्या पायांवर ढीग झाला. ढिगातून एक उंदीर बाहेर आला, आमच्याकडे बघितलं आणि सावकाश स्वयंपाकघराकडे गेला. चांगला गुबगुबीत होता. "हा पियानो आहे की कणगी?" तो माणूस म्हणाला. नमदा उंदराने कुरतडलेला, खुंट्या सैल. "सूर लावला तरी महिन्याभरात उतरणार. काका, हा घेऊ नका."

मी मामांकडे पाहिलं. मामा त्या अक्षतांकडे बघत होते. म्हणाले, "एवढ्या लोकांचे आशीर्वाद हायत आत." विलासराव लगेच म्हणाले, "तेच म्हणतोय मी!" मामा पुण्याच्या माणसाला म्हणाले, "तुमचं बी बरोबर हाय." तो माणूस गाडीत बसताना मला हळूच म्हणाला, "तुमचे मामा घेणार कुठला?" मी म्हटलं, "दोन्ही नाही घेतले तर मी नाव बदलेन."

आणि लक्षणं तशीच दिसायला लागली. मामांनी भवानीनगरला बैठक बोलावली. घरची माणसं, डॉक्टरीणबाई आणि विलासराव. ओसरीवर सतरंजी, मधे मामा, एका बाजूला बाई, एका बाजूला विलासराव. म्हणजे सोसायटीच्या निवडणुकीला बसायचे अगदी तसंच. चहा झाला. परत चहा झाला. मग मामांनी घसा खाकरून आयुष्यातला सगळ्यात मोठा तोडगा मांडला.

"पयली अडीच वर्षं डॉक्टरीणबाईंचा काळा. ताईंचं वय मोठं, मान त्यांचा. त्या टायमाला विलासरावांनी तपकिरीची डागडुजी करून घ्यायची. मग काळ्यानं राजीनामा द्यायचा, आन् फुडची अडीच वर्षं तपकिरी. कुणी कुणाला पाडलं न्हाय, कुणी पडला न्हाय."

विलासरावांना हे लगेच कळलं. त्यांचं अख्खं आयुष्य गावच्या राजकारणात, याच हिशेबात गेलेलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की अडीच वर्षांनी काळ्याने राजीनामा दिलाच नाही तर काय? मामा म्हणाले, "तसं तालुक्यात नेहमीच हुतंय. पण पियानो तसला न्हाय." डॉक्टरीणबाई गोंधळून माझ्याकडे बघत होत्या. मी त्यांना समजावून सांगितलं, आणि त्या म्हणाल्या, "म्हणजे तो परत माझ्याकडे येणार? मग माझी काहीच हरकत नाही." मामींनी विचारलं, गोधड्या दर अडीच वर्षांनी हलवायच्या का. त्यावर चर्चा झाली. मी एकटी धुमसत होते. करंगळीचं सांगून टाकावं असं दहादा ओठांवर आलं. पण शब्द दिला होता ना! मामांकडे बघितलं तर ते माझ्याकडे बघतच नव्हते.

"तर मग," मामा म्हणाले, "मंजूर आसंल त्यांनी हात वर करा."

मामींनी केला. संजूने केला. सूनबाईने कणकेचा हात तसाच वर केला. विलासरावांनी दोन्ही केले. डॉक्टरीणबाईंनी वर्गात उत्तर येणाऱ्या मुलीसारखा केला. मीही केला. काय करणार, एकमताच्या त्या घरात मी एकटी कुठे नाक मुरडू? मामांच्या उजव्या हातात चहाची बशी होती.

आता सोसायटीत याच्या पुढचं वाक्य मामा एका दमात म्हणायचे. "इरोधात-कुणी-न्हाय-मंजूर," असं, मधे श्वास न घेता, म्हणजे विरोध करणाऱ्याला तोंड उघडायला जागाच मिळायची नाही. त्या दिवशी ते "इरोधात" म्हणाले आणि थांबले. बशीतल्या चहाकडे बघत राहिले. सगळे वाट बघतायत. म्हशींच्या साखळ्यांचा तेवढा आवाज. मामींनी पुढचं वाक्य पुरवलंसुद्धा, "कुणी न्हाय म्हणा की."

मामांचा हात वर गेला.

सुरुवातीला मांडीवरून नुसता सरकला. मग कोपर उचललं. मग हात थरथरत छातीपर्यंत, खांद्यापर्यंत आला, तिथे जरा अडखळला आणि कानाच्या वर गेला. मला आधी फक्त एवढंच कळलं, की मामांनी स्वतःच्या ठरावाला विरोध केला. विलासराव "आरं तिच्या!" म्हणाले. मग मामी किंचाळल्या.

"अवो, हात! अवो, डावा हाय त्यो! डावा!"

संजू उठला, सूनबाई रडायला लागली, डॉक्टरीणबाई "अगं बाई, अगं बाई" करायला लागल्या. मी मामांकडे धावले आणि तो हात धरायला गेले, तर मामा माझ्यावर गरजले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं बघितलं. कपाळाची शीर ताठ झालेली.

"सुमे, हाताचं ऱ्हाऊ दे! आधी मत मोज!"

मी जागच्या जागी थांबले. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी मत मोजलं. म्हटलं, "विरोधात एक."

"मग तुम्हाला कुठला हवाय?" हे डॉक्टरीणबाईंनी विचारलं. इतक्या महिन्यांत हा प्रश्न मामांना सरळ कुणीच विचारला नव्हता, मीसुद्धा नुसती ओरडत होते. मामांनी त्यांच्याकडे बघितलं. म्हणाले, "ताई, तुमच्या पाया पडतो. तुमचा लई गुणाचा हाय. पण मला त्यो तपकिरी पाहिजे. पयल्या दिसापास्नं पाहिजे. अडीच वर्षं थांबायला मी काय पोरगा हाय का?"

मला वाटलं, आता बाई उठून जाणार. बाईंनी पदराने डोळे पुसले, आणि बघते तर त्या हसत होत्या. "बरं झालं बाई तुम्ही सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला तो द्यायचाच नव्हता. तुम्ही इतक्या प्रेमाने येत होतात, नाही कसं म्हणू तेच कळेना. आमच्या ह्यांना म्हणावं, चाला अंगणात."

विलासरावांनी टाळ्या वाजवल्या. संजूने टेम्पोवाल्याला फोन लावला. मामींनी मान्य केलं की तपकिरीची उंची गोधड्यांना जास्त सोयीची आहे. सगळीकडे आनंदीआनंद झाला, आणि त्या गडबडीत कुणाचं लक्ष नव्हतं, पण मामा अजून तसेच बसले होते. एका हातात बशी, एक हात वर. हाताला कंप सुटला होता. घामाने बंडी भिजली होती.

मी जवळ बसले. म्हटलं, "मामा, खाली घ्या आता. मोजलं मी. झालं सगळं."

"ऱ्हाऊ दे गं जरा," मामा म्हणाले. "दुखतोय."

"दुखतोय तर खाली घ्या ना!"

"दुखतोय, सुमे," मामा परत म्हणाले, हळू, जणू मला काही समजत नव्हतं. "दुखतोय."

तपकिरी पियानो त्यांनी पुढे दोन वर्षं वाजवला. सूर त्याला कधीच लागला नाही, आणि एक आख्खं गाणं मामांना कधीच आलं नाही. रोज सकाळी डावीकडून उजवीकडे सगळ्या पट्ट्या, मग चहा, मग गोठ्यात. शेवटच्या आजारात ते बारामतीलाच दवाखान्यात होते. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इथेच ठेवायचं की भवानीनगरला घरी न्यायचं. संजू म्हणाला ठेवू, मामी म्हणाल्या जशी डॉक्टरांची मर्जी, मी नेहमीसारखी तावातावाने बोलत सुटले. उशीवरून आवाज आला, "कुणी इचारणार हाय का मला?" आम्ही सगळ्यांनी वळून बघितलं. मामांनी पांघरुणातून डावा हात काढला होता आणि तो वर धरला होता.

आम्ही त्यांना घरी नेलं.